बिनभिंगाचा डोळा

२०२२ सालची दिवाळी वाचकांच्या चांगली स्मरणात असेल. लक्ष्मीपूजन झाले सोमवारी, २४ ऑक्टोबरला, आणि पाडवा आला बुधवारी. मधला मंगळवार सूर्यग्रहणाने पळवला. ऐन दिवाळीत, फराळाचे डबे भरलेले असताना ग्रहण! आमच्या अक्कलकुव्यात त्या दिवशी घराघरांत दोन पक्ष पडले होते. एक वेध पाळणारा, दुसरा लाडू खाणारा. आमच्या घरी पहिल्या पक्षाचे नेतृत्व आईकडे होते आणि दुसऱ्याचे, पुण्याहून सुटीला आलेल्या आमच्या कन्येकडे. ती अभियांत्रिकीला आहे. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा माझी जागा या दोन्ही पक्षांच्या मधल्या उंबऱ्यावर.

पाच-सव्वापाचचा सुमार असेल. सूर्य मावळतीला कलला होता. सातपुड्याच्या कडा तांबूस दिसत होत्या. आमच्या घराच्या पश्चिमेला एक कडुनिंब आहे, भिंतीपासून दहा-बारा हातांवर. दिवाळीसाठी ती भिंत नुकतीच पांढरी करून घेतलेली. कन्या एकदम ओरडली, "बाबा, भिंतीकडे बघा!"

पाहतो तो भिंतीवर लिंबाच्या पानांतून उतरलेले कवडसेच कवडसे! रोजच पडतात, पण आज त्यांतला एकही धड गोल नव्हता. प्रत्येक कवडशाचा एका अंगाने लचका तोडलेला. आकाराने बेसनाच्या लाडवाएवढे, आणि जणू कुणी प्रत्येक लाडवाचा एकेक घास खाऊन तो परत ठेवून दिला आहे. ते शंभर-दीडशे खाल्लेले लाडू वाऱ्याबरोबर भिंतीवर हलत होते. ग्रहण न पाहण्याचा निश्चय करून बसलेली आईसुद्धा शेवटी बाहेर आली. "हे चालतं," ती म्हणाली, "हे काही सूर्याकडे बघणं नव्हे."

आईचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सूर्याकडे पाहायचे नाही आणि तरी सूर्य पाहायचा, याचा सर्वांत जुना उपाय हाच. दोन पानांमधली फट म्हणजे एक बारीक भोक. सूर्याच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला किरण त्या भोकातून सरळ येऊन भिंतीवर आपापल्या जागी टेकतो, आणि सूर्याची उलटी आकृती उमटते. कवडसा गोल का असतो, तर भोक गोल असते म्हणून नव्हे, सूर्य गोल आहे म्हणून! अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब पंडिताने ग्रहणातल्या सूर्याच्या अशाच आकृतींचा अभ्यास केला होता. आणि इतके दूर तरी कशाला जा? हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गेलेल्यांना तिथला पुजारी एका अंधाऱ्या खोलीत नेऊन भिंतीवर पडलेली गोपुराची उलटी सावली दाखवतो. तिथे ना भिंग, ना आरसा. नुसते भोक.

म्हणजे भिंगाशिवाय चित्र उमटते. मग कॅमेऱ्यात भिंग हवेच कशाला? या बाळबोध प्रश्नामागे गेली साठ वर्षे जगातली मोठमोठी डोकी लागली आहेत, आणि त्यांत आपल्या मुंबई-पुण्याची, नाशिकचीही माणसे आहेत. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

चाळणीचा घोटाळा

कन्येने आत जाऊन आईची पिठाची चाळणी आणली. ("ग्रहणात चाळणीला हात लावू नये," असा नियम आईला ऐन वेळी आठवला, परंतु तोवर उशीर झाला होता.) भिंतीपासून थोड्या अंतरावर चाळणी धरली तेव्हा प्रत्येक भोकाखाली एकेक चिमुकला, कुरतडलेला सूर्य स्वच्छ दिसला. चाळणी जसजशी मागे नेली, तसतसे ते सूर्य मोठे झाले, एकमेकांवर चढले, आणि अखेर सगळ्यांचा मिळून एक भुरकट डाग झाला. लचका कुठे आणि सूर्य कुठे, काही कळेना.

"झाला घोटाळा," मी म्हणालो.

"घोटाळा नाही झाला, बाबा," ती म्हणाली. "त्या डागात सगळे सूर्य आहेतच. ते कसे मिसळलेत हे आपल्याला ठाऊक असलं, म्हणजे परत वेगळे काढता येतात."

मी हसलो. चहात विरघळलेली साखर परत काढून देण्याची ही भाषा वाटली मला. पण ती खरे बोलत होती.

गोम अशी आहे. एकच बारीक भोक ठेवले तर चित्र रेखीव येते, पण प्रकाश इतका थोडा शिरतो की चित्र अंधुक. भोक मोठे केले तर उजेड भरपूर, पण चित्र फिसकटते. पुष्कळ बारीक भोके पाडली तर रेखीवपणाही राहतो आणि उजेडही मिळतो, मात्र जितकी भोके तितकी चित्रे एकमेकांवर पडतात. भिंग हा तिढा एका झटक्यात सोडवते. एका बिंदूतून निघालेले, सगळीकडे पसरलेले किरण गोळा करून ते एका जागी आणून ठेवते. पण त्याची किंमत म्हणजे अंतर. किरण एकत्र यायला भिंग आणि पडदा यांच्यात जागा लागते. म्हणून तर मोबाइल फोन कितीही पातळ झाला तरी त्याच्या पाठीवर कॅमेऱ्याचे टेंगूळ उरतेच.

त्या रात्री ग्रहण सुटले, सूर्यही मावळला, आणि कन्येने आम्हांला दुसरा प्रयोग दाखवला. आकाशकंदील करून उरलेल्या काळ्या पुठ्ठ्याला तिने कातरीने वेडीवाकडी भोके पाडली. दिवे मालवले. पुठ्ठ्यापुढे एक पणती ठेवली. मागच्या भिंतीवर त्या भोकांची नक्षी उमटली. पणती डावीकडे सरकवली, नक्षी उजवीकडे सरकली. पणती पुठ्ठ्याजवळ आणली, नक्षी मोठी झाली. दुसरी पणती लावली, तर दोन नक्ष्या एकमेकींवर पडल्या. "आता मला फक्त भिंत दाखवा," ती म्हणाली, "पणत्या झाका. पुठ्ठ्याची नक्षी मला ठाऊक आहे. पणत्या किती आणि कुठं आहेत ते मी सावल्यांवरून सांगते." दोन-तीन पणत्यांपर्यंत तिने बरोबर सांगितले. पुढे गोंधळली. तिथे मग संगणक हवा.

बिनभिंगाचा कॅमेरा म्हणजे एवढेच. पुठ्ठ्याच्या जागी एक कातरलेली जाळी, भिंतीच्या जागी प्रकाश मोजणारी चकती, आणि पणत्यांच्या जागी सारे जग. कारण कोणतेही दृश्य म्हणजे अखेर लहानमोठ्या उजेडाच्या असंख्य पणत्याच. चकतीवर जे पडते त्याला चित्र म्हणता येत नाही. तो असतो एक करडा राडा. चित्र नंतर गणिताने काढायचे.

आकाशातली जाळी

ही युक्ती पहिल्यांदा सुचली ती फोन पातळ करण्यासाठी नव्हे, तर आकाश पाहण्यासाठी. क्ष-किरण काचेच्या भिंगाला जुमानत नाहीत. काच त्यांना हवी तशी वळवीत नाही. भिंगच नाही म्हटल्यावर दुर्बीण कशी करणार? १९६८ साली अमेरिकेत प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे एबल्स नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने, सुचवले की एका भोकाऐवजी यदृच्छेने विखुरलेली अनेक भोके ठेवा आणि मिसळलेल्या सावल्या गणिताने उलगडा. पुढे १९७८ मध्ये फेनिमोर आणि कॅनन या दोघांनी भोकांची एक खास मांडणी दाखवली. ती नक्षी स्वतःवर तंतोतंत बसवली तरच भोकावर भोक जुळते. एक घर जरी सरकवली, तरी कुठल्याही दिशेला सारखाच, एकसमान मेळ उरतो. त्यामुळे उलगडताना भुताटकीसारखी खोटी चित्रे उमटत नाहीत.

याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे 'अॅस्ट्रोसॅट' हा भारताचा खगोलशास्त्रीय उपग्रह. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून तो सोडला गेला आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर फिरू लागला. त्याच्यावरच्या एका उपकरणाचे लांबलचक नाव आहे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड इमेजर. ते उभारण्यात पुढाकार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. आणि जाळीची व प्रतिमा उलगडण्याची बाजू सांभाळली ती पुण्याच्या 'आयुका'ने, डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली ज्या संस्थेची धुरा पहिले संचालक म्हणून हाती घेतली तिने. इतरही संस्थांचा हात त्याला लागला आहे. या उपकरणात भिंग नाही. आहे ती टँटलम नावाच्या जड धातूची अर्धा मिलिमीटर जाडीची, भोकाभोकांची जाळी. तिच्याखाली सुमारे ४८ सेंटिमीटरवर किरण मोजणारी १६,३८४ बारीक घरे. जाळीची सावली कोणत्या घरांवर किती पडली यावरून तारा कुठे आहे ते काढायचे. म्हणजे आमच्या पणतीचाच खेळ. फक्त पणती हजारो प्रकाशवर्षे दूर.

या जाळीने काय दिसते, याविषयी अतिशयोक्ती नको. अर्ध्या सूर्यबिंबाहून बारीक तपशील तिला वेगळा काढता येत नाही. पण ज्या किरणांना भिंगच नाही, त्यांच्या बाबतीत हे 'कुठे आहे' सांगता येणे म्हणजे अंधाराला दिशा मिळणे होय.

आकाशातून ही युक्ती खाली उतरली त्यातही आपल्याकडचा एक धागा आहे. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी अशोक वीरराघवन आदी सहकाऱ्यांबरोबर २००७ साली साध्या कॅमेऱ्यातच भिंगामागे एक नक्षीदार जाळी बसवून, तिच्या सावल्यांतून प्रकाशाची दिशाही काढून दाखवली. त्या निबंधाच्या शीर्षकातला इंग्रजी शब्द झाडाखालच्या कवडशांचा आहे. हे वाचले तेव्हा मला आमची भिंत आठवली. त्यातले वीरराघवन पुढे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात गेले, आणि २०१५ च्या सुमारास त्यांच्या गटाने भिंग पार काढून टाकले. त्यांचा 'फ्लॅटकॅम' म्हणजे प्रकाश मोजणारी चकती आणि तिच्यावर सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर जाळी. झाला कॅमेरा. जाडी एखाद्या जाडशा पत्रिकेएवढी.

वाण्याच्या बिलाचे गणित

आता खरी मेख. ते करडे राडे उलगडायचे कसे, आणि उलगडलेले चित्र चांगले कसे करायचे?

वाण्याकडून दोन बिले आली असे समजा. पहिल्यात १० किलो साखर आणि १० किलो रवा, मिळून ९०० रुपये. दुसऱ्यात १० किलो साखर आणि ११ किलो रवा, मिळून ९४५. वजाबाकी केली की रवा ४५ रुपये किलो, साखरही ४५. सोपे आहे. पण वाण्याने दुसऱ्या बिलाची बेरीज चुकून ९५० केली तर? रवा निघतो ५०, साखर ४०. साडेनऊशेच्या बिलात पाच रुपयांची चूक, आणि भाव नऊ-दहाव्या हिश्शाने बदलला! दोष पाच रुपयांचा नव्हे. दोन्ही बिले जवळजवळ सारखीच होती याचा आहे. तेच एका बिलात १० किलो साखर नि १ किलो रवा, दुसऱ्यात १ किलो साखर नि १० किलो रवा असते, तर त्याच पाच रुपयांच्या चुकीने भाव फार तर आठ आण्यांनी हलला असता.

बिनभिंगाच्या कॅमेऱ्यात चकतीवरचे प्रत्येक घर हे एक बिल आहे आणि दृश्यातला प्रत्येक बिंदू हा एक अज्ञात भाव. दहा लाख बिले, दहा लाख भाव! आणि प्रकाश मोजताना बारीकसारीक चुका होणारच. तेव्हा सुधारणेचा पहिला मार्ग हा की बिले एकमेकांहून वेगळी पडतील अशी जाळी आखायची. दुसरा मार्ग, जाळी नेमकी कुठे आणि कशी बसली आहे याची तपासणी काटेकोर करायची. ती केसभर सरकली तरी सारा हिशेब चुकतो. इथे एक अडचण होती. दहा लाख बिंदूंचा दहा लाख घरांशी संबंध लिहायचा तर एकावर बारा शून्ये एवढे आकडे मांडावे लागतात. राइसच्या मंडळींनी नक्षीच अशी आखली की आडव्या ओळींचा हिशेब वेगळा आणि उभ्या ओळींचा वेगळा करता यावा. मग एवढ्याच कामाला वीस लाख आकडे पुरतात.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातील गटाने जाळीही काढली. त्यांनी चकतीपुढे ओबडधोबड पारदर्शक पापुद्रा ठेवला. उन्हात हौदाच्या तळाशी प्रकाशाच्या हलत्या रेषांचे जाळे दिसते ना, तसे जाळे तो पापुद्रा चकतीवर पाडतो. घरगुती प्रयोगाला साधी चिकटपट्टीही चालते. पणती जवळ आणली की नक्षी मोठी होते, हे आपण पाहिलेच. त्यावरून वस्तू किती लांब आहे तेही काढता येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, तेरा लाख घरांच्या एकाच टिपणातून दहा कोटी बिंदूंचे, खोली असलेले दृश्य उभे केल्याचे दाखवले आहे.

वाचक म्हणतील, तेरा लाख बिलांवरून दहा कोटी भाव? हे कसे? इथेच तिसरा मार्ग येतो, आणि तोच सर्वांत मोलाचा आणि सर्वांत धोक्याचाही. तो म्हणजे पूर्वज्ञान. रव्याचा भाव उणे असू शकत नाही, हे आपल्याला बिल न पाहताही ठाऊक असते. तसेच दृश्यांविषयीही काही गोष्टी ठाऊक असतात. बराचसा भाग रिकामा असतो. शेजारचे बिंदू बहुधा सारखे असतात. फरक पडतो तो कडांवर. एवढे ज्ञान गणितात घातले की असंख्य उत्तरांतून शहाणे उत्तर निवडता येते.

मग २०१९ च्या सुमारास पुढचे पाऊल पडले. आपण नियम सांगण्याऐवजी यंत्रालाच हजारो चित्रे दाखवून शिकू द्यावे. बर्कलीच्या गटाने साधा कॅमेरा आणि बिनभिंगाचा कॅमेरा यांना एकच दृश्य एकाच वेळी दाखवून पंचवीस हजार जोड्या जमवल्या: हा राडा, हे त्याचे खरे चित्र. त्याच वर्षी मद्रासच्या आय.आय.टी.तील कौशिक मित्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी राइसच्या मंडळींबरोबर दोन पायऱ्यांची रीत मांडली. पहिल्या पायरीत राड्यातून कच्चे चित्र, दुसऱ्या पायरीत शिकलेल्या न्यूरल नेटवर्ककडून त्याचे मार्जन. २०२२ साली टोकियोच्या गटाने आणखी एक उणीव दूर केली. बिनभिंगाच्या कॅमेऱ्यात एकेका बिंदूचा उजेड साऱ्या चकतीभर पांगलेला असतो, आणि जुनी नेटवर्के मात्र चकतीचा एकेक तुकडा न्याहाळीत बसत. त्यांनी सारी चकती एका नजरेत घेणारी रचना वापरली. या सगळ्यांनी चित्रे स्वच्छ झाली, झटपट निघू लागली. भिंगाच्या चांगल्या कॅमेऱ्याची सर अजून त्यांना नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. दृश्यात एक झगझगीत दिवा असला की त्याचा उपद्रव साऱ्या चित्राला होतो. परंतु जिथे भिंगाला जागाच नाही, तिथे या पातळ डोळ्याला तोड नाही.

पदरची ओवी

कन्येने मला अशा सुधारलेल्या चित्रांचे नमुने दाखवले. डावीकडे करडा धुरळा, उजवीकडे हसरा माणूस. मी थक्क झालो, आणि लगेच माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला.

"हे डोळे त्या धुरळ्यातून निघाले," मी विचारले, "की यंत्राला माणसाच्या चेहऱ्यावर डोळे असतात हे आधीच ठाऊक होतं म्हणून त्याने घातले?"

ती जरा थांबली. "दोन्ही," म्हणाली.

आमच्या विषयात हा प्रश्न जुना आहे. ज्ञानेश्वरीनंतर तीन शतकांत तिच्या पोथ्यांत इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अक्षर गेलेले, वाळवीने खाल्लेले, नकलणाऱ्याने चुकवलेले. त्यातून मूळ ओवी शोधायची. नाथांना काव्य येत नव्हते थोडेच? रिकाम्या जागी स्वतःची सुरेख ओवी ते सहज घालू शकले असते. पण मूळ ग्रंथात कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये, अशी सक्त ताकीदच त्यांनी देऊन ठेवली. आमच्या शेजारच्या धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. तिथली जुनी बाडे पाहताना मला नेहमी एका गोष्टीचे कौतुक वाटते. नेकीचा संपादक जे अक्षर वाचतो ते वाचले म्हणून छापतो, आणि जे तर्काने भरतो ते कंसात घालतो. वाचकाला कळावे, की हे कागदावर नव्हते. हे माझे आहे.

यंत्राने सुधारलेल्या चित्रात कंस नसतो. पंचवीस हजार चित्रे पाहून शिकलेले यंत्र सफाईदार बोलते, आणि सफाईदार बोलणाऱ्यावर विश्वास लवकर बसतो.

हौसेचा फोटो असेल तर बिघडत नाही. पण आमच्या या भागात प्रश्न रक्ताचा आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकल सेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातली तांबडी पेशी, जी एरवी गोल असते, ती विळ्यासारखी वाकते. अशी वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य वेदना होतात. माझ्या वर्गात असे विद्यार्थी बसलेले आहेत. महिन्यातून चार दिवस गैरहजर का, असे एकदा मी एका मुलाला रागाने विचारले होते. त्याने खाली मान घालून सांगितले, तेव्हापासून हजेरीपटावर बोट फिरवताना मी सांभाळून असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

आता पाहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आयदोगान ओझजान यांच्या गटाने २०१० साली मोबाइल फोनला जोडता येणारा, अवघा ३८ ग्रॅमच्या आसपास वजनाचा, भिंग नसलेला सूक्ष्मदर्शक दाखवला होता. रक्ताचा थेंब चकतीवर, वरून प्रकाश, खाली पेशींच्या सावल्या. सावलीवरून पेशीचा आकार गणिताने काढायचा. असे हलके, स्वस्त यंत्र डोंगरातल्या पाड्यावर पाठीवरच्या पिशवीतून नेता येईल, हे स्वप्न काही लहान नाही. मोलगीच्या पलीकडच्या वस्त्यांवरून आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते सांगायला नको.

पण समजा, त्यातले चित्र सुधारणारे यंत्र निरोग्यांच्याच रक्तावर शिकलेले असेल. त्याने हजारो गोल पेशी पाहिल्या, विळ्याची एकही नाही. मग धुरळ्यात एक अर्धवट, वाकडी सावली त्याला दिसली तर ते काय करील? 'पेशी गोल असते,' असे म्हणून ती गोल करून दाखवील. चित्र स्वच्छ येईल, डोळ्यांना गोड दिसेल. आणि त्या पोराचे दुखणे त्या गोडव्याखाली झाकून जाईल. सिकल सेलचे निदान नुसत्या चित्रावर करीत नाहीत, रक्ताच्या इतर चाचण्या असतात, हे ठीकच. पण जिथे तपासायला पहिला डोळा यंत्राचाच असेल, तिथे पुढच्या चाचणीला पाठवायचे कुणाला, हे तोच ठरवणार.

मी कन्येला विचारले, "त्या ग्रहणाच्या दिवशी तुझ्या यंत्राने आपली भिंत पाहिली असती, आणि त्याने आजवर पूर्ण गोल कवडसेच पाहिले असते, तर?"

ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लचका भरून काढला असता."

"आणि ग्रहण?"

"झालंच नसतं, बाबा."

यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो तिनेच मला पुढे समजावून दिला. काढलेल्या चित्रावरून परत सावली काढून पाहायची. हे चित्र खरे असेल तर या जाळीतून चकतीवर अमुक राडा पडायला हवा. तो प्रत्यक्ष पडलेल्या राड्याशी जुळतो का? ठळक फरक निघाला तर यंत्राने पदरची ओवी घातली, हे उघडे पडते. पण पुष्कळ वेगवेगळी चित्रे जवळजवळ सारखाच राडा पाडतात, तेव्हा एवढ्याने भागत नाही. म्हणून हल्ली काही संशोधक चित्राबरोबर एक दुसरा नकाशाही काढतात: इथे आमची खात्री आहे, इथे आम्ही तर्क केला आहे. वाचून मला आनंद झाला. हे तर आमचे कंसच! आणि यंत्राला शिकवताना गोल पेशींबरोबर विळ्याच्याही दाखवायच्या, पुण्या-मुंबईच्याच नव्हेत तर सातपुड्यातल्या माणसांच्याही दाखवायच्या, हे काम तर गणित न येणाऱ्यालाही पटण्यासारखे आहे. कुणाचे रक्त, कुणाचे चेहरे त्या पंचवीस हजारांत बसवले, यावर उद्या कोण दिसणार आणि कोण पुसले जाणार हे ठरेल.

कन्या आता शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात याच विषयाचा एक लहानसा कोपरा धरून बसली आहे. सुटीला आली की जेवताना माझ्याशी पाठभेदांवर बोलते आणि मी तिच्याशी जाळीवर. आईला दोन्ही विषय सारखेच अगम्य आहेत. पण ती चाळणी तिने वेगळी काढून ठेवली आहे. पिठाला नवी आणली. जुनी खुंटीला टांगलेली असते. "पुढच्या ग्रहणाला लागेल," म्हणते.